प्रतिसाद: जंगली महाराज आणि फर्ग्युसन रस्ता दुतर्फा करावा का?

वर एकांनी म्हटलंय की पुण्यातले हे दोन्ही एकेरी रस्ते दुतर्फा केले तर वळसा वाचेल. वळसा वाचेल हे खरं. (चुकीच्या बाजूने येणाऱ्या दुचाक्या बघता रस्ते तसेही दुतर्फाच आहेत!) पण खरी अडचण रस्त्यात नाही, चौकात आहे.

आज एकेरी रस्त्यावरून उजवीकडे वळताना समोरून कुणी येत नाही, म्हणून सिग्नलचं थोडक्या फेजमध्ये (म्हणजे हिरव्याच्या पाळ्यांमध्ये) भागतं. दुतर्फा केलं की उजव्या वळणाला वेगळी वेळ द्यावी लागते आणि ती सरळ जाणाऱ्यांच्या हिरव्यातूनच कापली जाते. चार दुतर्फा रस्ते मिळतात त्या साध्या चौकात गाड्यांचे मार्ग एकमेकांना ३२ ठिकाणी भिडतात, एकेरी रस्त्यांच्या चौकात त्याहून बरेच कमी. फर्ग्युसन रस्त्यावरच्या गुडलक चौकात उजवीकडे वळायला थांबलेली एकच बस डोळ्यांसमोर आणा. मागे डबल पार्किंग, पुढे रिक्षा. झालं कल्याण!

तरी बसने जाणाऱ्यांचा मुद्दा मला पटतो. एकेरीत जायचा थांबा एका रस्त्यावर, यायचा दुसऱ्यावर, आणि मधलं अंतर घोले रोडसारख्या जोडरस्त्याने चालत तोडायचं. गुडघे दुखणाऱ्याला विचारा.

म्हणून माझं मत: गाड्या एकेरीच राहू द्या, उलट दिशेने फक्त पीएमपीला (शहर बसला) एक लेन द्या. मात्र आधी रस्त्याकडेचं पार्किंग हटवायला हवं, आणि तिथेच सगळे गप्प बसतात.