मदत हवी आहे : भाताच्या कॅलसला मुळं फुटतात, कोंब फुटत नाही

जाणकारांनी कृपया लक्ष घालावं. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी भाताच्या इंडिका गटातल्या एका वाणाची रोपं पक्व दाण्यांपासून ऊतिसंवर्धनाने (टिश्यू कल्चरने) तयार करायची आहेत. सात महिन्यांत तीनदा पहिल्यापासून सुरुवात केली आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडकले. कॅलस (माध्यमावर वाढणारा, अजून मूळ-खोड-पान न झालेल्या पेशींचा गोळा) भरपूर, मुळं भरपूर, कोंब एकही नाही.

करते ते असं. तूस काढलेले दाणे ७० टक्के इथेनॉलमध्ये मिनिटभर, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये २५ मिनिटं हलवत ठेवायचे आणि निर्जंतुक पाण्याने पाचदा धुवायचे. पहिल्या खेपेला बुरशीने निम्म्या प्लेटा गेल्या होत्या, आता तो त्रास जवळपास नाही. माध्यम एमएस (मुराशिगे-स्कूग), लिटरला ३० ग्रॅम सुक्रोज, २ मिलिग्रॅम २,४-डी (ऑक्झिन, म्हणजे वाढ नियंत्रित करणाऱ्या संजीवकांचा एक प्रकार), ८ ग्रॅम अगार, पीएच ५.८. प्लेटा अंधारात, २६ अंश सेल्सियसला. दाणा आधी रुजतो, मग स्क्युटेलम (भ्रूणाचं बीजपत्र) फुगायला लागतं आणि तीन-चार आठवड्यांत चांगला गोळा होतो. दर तीन आठवड्यांनी ताज्या माध्यमावर, असं तीनदा केल्यावर तुकडे रीजनरेशनला (कोंब फुटण्यासाठीच्या माध्यमावर) टाकते: एमएस, काइनेटिन (सायटोकायनिन, संजीवकांचा दुसरा प्रकार) २ मिलिग्रॅम, एनएए (हेही ऑक्झिन) १ मिलिग्रॅम, १६ तास उजेड. दहा-बारा दिवसांत काही तुकडे तपकिरी पडतात, उरलेल्यांना पांढरी केसाळ मुळं येतात. दोन-चार तुकड्यांवर हिरवे ठिपके दिसले होते. रोज सकाळी आधी तेच बघायचे. ते ठिपके तसेच राहिले.

काइनेटिनऐवजी बीएपी (दुसरं सायटोकायनिन) घेऊ का? २,४-डी कमी करू का? आमच्या प्रयोगशाळेत सगळे म्हणतात, इंडिका सोड, जपोनिका (ऊतिसंवर्धनात सोपा जाणारा भाताचा दुसरा गट) घे. पण याच वाणाची क्षारसहनशीलता मला पुढे तपासायची आहे, दुसरा वाण घेऊन माझा प्रश्नच सुटत नाही.

प्रतिसाद १

संजीवकं बदलण्याआधी एक सांगा, कॅलस दिसतो कसा? सगळे गोळे एकसारखे असतात का?

धागाकर्ती

नाही. काही फिकट पिवळे, कोरडे, रव्यासारखे दाणेदार. बरेचसे पांढुरके आणि पाणीदार, चिमट्याने उचलले की लगदा होतो. पाणीदार गोळे भराभर वाढतात म्हणून पुढे तेच जास्त गेले असतील. मी वेगळे कधी केले नाहीत.

प्रतिसाद १

मग अडचण बहुधा तिथेच आहे. तृणधान्यांत कॅलस किती आला याला फार अर्थ नसतो, कुठला आला ते महत्त्वाचं. पिवळसर, घट्ट, दाणेदार भाग भ्रूणजनक (भ्रूणासारख्या रचना तयार करणारा) असतो, कोंब त्यातूनच येतात. पाणीदार कॅलस वाढतो खूप, पण त्याच्याकडून मुळांपलीकडे फारसं काही मिळत नाही. दर सबकल्चरला (ताज्या माध्यमावर हलवताना) स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बसा, दाणेदार भाग २-३ मिलिमीटरचे तुकडे करून उचला, बाकीचा निर्दयपणे टाकून द्या. पहिल्यांदा प्लेट रिकामी दिसेल, जीव तुटेल, तरी टाका.

दुसरं, सबकल्चर कमी करा. कॅलस जितका जुना, तितकी त्याची रोप देण्याची ताकद कमी, शिवाय आनुवंशिक बदलही साठत जातात. तुम्हाला क्षारसहनशीलता मोजायची आहे, म्हणजे हा मुद्दा दुप्पट महत्त्वाचा. एका सबकल्चरनंतर लगेच रीजनरेशनला टाका.

मुळांचं कारण ऑक्झिनही असू शकतं. स्कूग आणि मिलर यांनी १९५७ मध्ये तंबाखूच्या ऊतींवर दाखवलं होतं की ऑक्झिनचं पारडं जड झालं की मुळं येतात, सायटोकायनिनचं जड झालं की कोंब. तुमच्या तुकड्यांत आधीचं २,४-डी थोडं उरलेलं असतं, त्यावर तुम्ही १ मिलिग्रॅम एनएए देता. ते ०.२ ते ०.५ वर आणा. काइनेटिन आहे तेच राहू द्या.

आणि भातासाठी मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे सुकवणं. रीजनरेशनआधी तुकडे निर्जंतुक, कोरड्या फिल्टर पेपरवर ठेवा, प्लेट सील करा आणि २४ ते ४८ तास अंधारात राहू द्या. तुकडे थोडे आक्रसतात, ते ठीक आहे. बी पक्व होताना भ्रूणातलं पाणी कमी होतंच, इथे आपण तेच घडवतो.

प्रतिसाद २

वरचं सगळं पटलं. माध्यमाबद्दल थोडी भर घालतो. एमएस १९६२ मध्ये तंबाखूसाठी तयार झालं, त्यात अमोनियम लिटरला साधारण २० मिलिमोल. एन६ हे दुसरं माध्यम १९७५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी भाताच्या परागकोशांसाठी बनवलं, त्यात ७ मिलिमोलच्या आसपास. म्हणून कॅलससाठी एन६ करून बघा, लिटरला ५०० मिलिग्रॅम प्रोलिन (एक अमिनो आम्ल) आणि ३०० मिलिग्रॅम केसीन हायड्रोलायसेट (दुधातल्या प्रथिनाचं विघटित रूप) घालून. इंडिकाचे वाण एकमेकांपासूनही खूप वेगळे वागतात, त्यामुळे दुसऱ्याच्या वाणाला चाललेलं माध्यम तुमच्याला चालेलच असं नाही. पण एका वेळी एकच बदल करा आणि जुन्या माध्यमाच्या काही प्लेटा शेजारी ठेवा, नाहीतर कशाने जमलं ते कळणार नाही.

मी गव्हावर काम करतो. तिथे पक्व दाण्यांनी आम्हालाही दमवलं, शेवटी फुलोऱ्यानंतर १२ ते १६ दिवसांचे कोवळे भ्रूण घेतले, साधारण १ मिलिमीटरचे, स्क्युटेलम वर करून. तुमच्याकडे हिरवं पीक उभं असेल तर तोही मार्ग आहे.

धागाकर्ती (आठ आठवड्यांनी)

दोघांचे मनापासून आभार. माध्यम एमएसच ठेवलं, आधी फक्त निवड आणि सुकवणं केलं. पहिल्या निवडीनंतर पाच प्लेटांचा माल एका प्लेटमध्ये मावला. पण सुकवलेल्या तुकड्यांवर सोळाव्या दिवशी ठिपके दिसले आणि या वेळी ते थांबले नाहीत. आज नऊ तुकड्यांना पानं आहेत! न सुकवलेल्यांत फक्त एकाला. एन६ पुढच्या खेपेला. आता ही रोपं बाहेर कशी काढू? हात लावायचीच भीती वाटते.

प्रतिसाद १

अभिनंदन! आधी संजीवकं नसलेल्या, निम्म्या ताकदीच्या एमएसवर मुळं भक्कम होऊ द्या. मग मुळांचा अगार कोमट पाण्याने पूर्ण धुवा, साखर राहिली की बुरशी येते. कुंडीत लावून वर पारदर्शक पिशवी घाला. बाटलीत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो, पाणी झटकन उडतं. म्हणून पिशवीला तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून एकेक भोक पाडत जा आणि दहा-बारा दिवसांनी काढा. नऊच्या नऊ एकाच दिवशी बाहेर काढू नका, आधी तीन काढून बघा.