सुशीरोमध्ये (जपानमधली स्वस्त सुशी हॉटेलांची साखळी) पहिल्यांदा जातोय, काय मागवू?

म्हापसेकर: पुढच्या महिन्यात ओसाकाला चाललोय, बजेट कमी म्हणून सुशीरो ठरवलंय पण कच्चा मासा कधी खाल्ला नाही, घरी आपलं तिरफळं घालून हुमण नाहीतर रवा लावून तळलेलं, सुरुवात कशाने करू?

फोंड्याची: शिजवलेल्यापासून कर. एबी म्हणजे उकडलेली सुंगटं (कोळंबी), उनागी म्हणजे भाजलेली वाम, तामागो गोडसर अंड्याचं. मग सॅल्मन. वासाबी, म्हणजे ती झणझणीत हिरवी चटणी, वेगळी मिळते, घाबरू नको.

दर्यावर्दी: शिमेसाबा घेच रे! आपल्या बांगड्याचाच भाऊबंद, मीठ लावून व्हिनेगरमध्ये मुरवलेला, आंबटसर, आपल्या जिभेला लगेच पटतो, मला तर सॅल्मनपेक्षा जास्त आवडला. आणि हिरव्या चहाची पूड टेबलावरच असते, गरम पाण्याचा नळही, चहा फुकट.

म्हापसेकर: बांगडा म्हटल्यावर प्रश्नच मिटला, देव बरें करूं!