सेलमचे चेटूक-खटले आणि अरगटाचा सिद्धान्त

(चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव दिले आहे)

तळटीप (प्रश्न)

मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील सेलम येथे १६९२ साली चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ जणांना फाशी देण्यात आले, आणि खटल्याला सामोरे जाण्यास नकार देणाऱ्या जाइल्स कोरी या वृद्धाला अंगावर दगड रचून मारण्यात आले. प्रकरणाची सुरुवात धर्मोपदेशक सॅम्युएल पॅरिस यांच्या घरातील दोन मुलींना येऊ लागलेल्या झटक्यांपासून झाली. राई या धान्यावरील अरगट बुरशीच्या विषबाधेमुळे हे झटके आले, असे अनेक ठिकाणी जवळजवळ सिद्ध झाल्यासारखे लिहिलेले आढळते. या स्पष्टीकरणात कितपत तथ्य आहे?

शेतमळा

हा तर्क लिंडा कॅपोरेल यांनी १९७६ साली ‘सायन्स’ नियतकालिकात मांडला. अरगटातील अल्कलॉइडांमुळे झटके, अंगावर मुंग्या चालल्यासारखी जाणीव आणि भास होऊ शकतात, आणि एलएसडी हे भास निर्माण करणारे द्रव्यही अरगटातील घटकांपासूनच तयार झाले. त्यामुळे कल्पना वरवर पाहता पटते. बाजरीवरील अरगट आपल्याकडील शेतकऱ्यांना परिचित आहे, पण ती बुरशी निराळ्या जातीची असून तिच्या विषाने प्रामुख्याने मळमळ, उलट्या आणि गुंगी येते, म्हणून आपल्या अनुभवावरून सेलमविषयी अनुमान काढू नये.

त्याच वर्षी स्पॅनोस आणि गॉटलीब यांनी त्याच नियतकालिकात या तर्काचे खंडन केले. झटक्यांच्या स्वरूपाची विषबाधा मुख्यतः ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या लोकसमूहांत दिसते, तर सेलमच्या परिसरात मासे आणि दूधदुभते उपलब्ध होते. शिवाय एकाच घरातील सर्वांनी तीच भाकरी खाल्ली असताना बहुधा ठरावीक मुलीच आजारी पडाव्यात, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

जुनी कागदपत्रे

माझ्या दृष्टीने सर्वांत निर्णायक पुरावा न्यायालयीन नोंदींतच आहे. आरोपी स्त्रीने मुलींकडे नजर वळवली की त्यांना झटका येई आणि तिचा हात लागताच तो थांबे. पोटात गेलेले विष असे प्रसंग पाहून चढत-उतरत नाही. मुली निव्वळ ढोंग करीत होत्या असेही मी म्हणणार नाही, कारण भीतीने ग्रासलेल्या माणसाला खरोखरच झटके येऊ शकतात.

परंतु येथे दोन प्रश्नांची गल्लत होते. मुलींना काय झाले हा एक प्रश्न, आणि त्यांच्या बोलण्यावरून दीडशेहून अधिक माणसे आरोपी कशी झाली हा दुसरा. अरगटाचा सिद्धान्त पूर्णपणे मान्य केला, तरी तो फार तर पहिल्याचे उत्तर देतो. दुसऱ्याचे उत्तर न्यायपद्धतीत शोधावे लागते. आरोपीचे छायारूप येऊन आपल्याला छळते, ही पीडिताची साक्ष ग्राह्य धरली गेली. असे छायारूप इतर कोणालाही दिसत नसल्यामुळे तिचे खंडन करणे आरोपीला अशक्य होते. त्यात कबुली देऊन इतरांची नावे सांगणाऱ्याचा जीव वाचे आणि निर्दोष असल्याचे ठामपणे सांगणारा फासावर जाई. पॅरिस यांच्या घरातील गुलाम स्त्री टिट्यूबा हिने कबुली दिली आणि ती वाचली; अँडोव्हरच्या सॅम्युएल वॉर्डवेल याने दिलेली कबुली मागे घेतली आणि २२ सप्टेंबर रोजी त्याला फाशी झाली. हा हिशेब लोकांच्या लक्षात आल्यावर प्रत्येक कबुलीतून नवे आरोपी निर्माण होत गेले, यात नवल ते काय?

सीमावर्ती

वरील विवेचन मान्य आहे, परंतु त्यात युद्धाचा उल्लेख राहिला. त्या काळी उत्तरेकडील मेन या प्रदेशाच्या सीमेवर फ्रेंच आणि त्यांच्या बाजूच्या मूलनिवासी जमातींशी लढाई चालू होती आणि तेथून परागंदा झालेली कुटुंबे सेलमच्या परिसरात आली होती. आरोप करणाऱ्यांपैकी मर्सी लुइस ही त्याच हल्ल्यांत अनाथ झालेली होती. फाशी गेलेले धर्मोपदेशक जॉर्ज बरोज हेदेखील मेनहून आणलेले. गावातील पटनम आणि पोर्टर घराण्यांच्या वैरावर अभ्यासकांनी भर दिला आहे, पण केवळ भाऊबंदकीने अँडोव्हरसारख्या दुसऱ्या गावातील अटकसत्राचा उलगडा होत नाही.

तळटीप

मग हे सारे थांबले कसे? झटके थांबले म्हणून की न्यायालय थांबले म्हणून?

जुनी कागदपत्रे

न्यायालय थांबले म्हणून, असेच कागदपत्रे सांगतात. आरोपांची झळ प्रतिष्ठितांपर्यंत पोहोचू लागली होती. ऑक्टोबरमध्ये बॉस्टनचे धर्मोपदेशक इन्क्रीज मॅथर यांनी, एका निरपराध व्यक्तीला शिक्षा होण्यापेक्षा दहा संशयित चेटकिणी सुटलेल्या बऱ्या, अशी भूमिका घेतली आणि त्याच महिन्यात गव्हर्नर विल्यम फिप्स यांनी हे खटले चालवणारे विशेष न्यायालय बरखास्त केले. जानेवारी १६९३ पासून नव्या न्यायालयाने छायारूपाच्या पुराव्याला पूर्वीचे महत्त्व देणे सोडले. त्यानंतर बहुतेक आरोपी निर्दोष सुटले, आणि ज्या थोड्यांवर दोष सिद्ध झाला त्यांपैकी कोणालाही फाशी देण्यात आली नाही.