आधी कादंबरी की आधी सिनेमा? तुमचा अनुभव सांगा

बालाघाटची लेक
काल अंबाजोगाईहून लातूरला जाताना रेणापूरच्या अलीकडं मेंढरांचा कळप आडवा आला. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या, मागून काठी टेकत एक आजोबा. गाडी बंद करून बघत बसले आणि व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आठवली. कॉलेजात असताना वाचलेली, सिनेमा फार उशिरा बघितला. अमोल पालेकरांचा, १९९५ चा. मास्तर झालेत आपल्या औरंगाबादचे चंद्रकांत कुलकर्णी. सिनेमा मनापासून केलाय. पण माडगूळकर दुष्काळ असा हळूहळू आणतात की वाचताना घशाला कोरड पडते. पडद्यावर तो नुसता दिसतो. मला पुस्तकच जवळचं. तुमचं सांगा.

लातूरकर
२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्याच उन्हाळ्यात वाचली. माणसं वाडी सोडून जातात ती पानं लई जड गेली. खाली गल्लीत टँकर आला की पुस्तक उलटं ठेवून घागर घेऊन पळायचं. सिनेमा बघायची हिंमत नाही झाली.

रानजाई
माझं उलटं. 'शाळा' सिनेमा आधी, मिलिंद बोकिलांची कादंबरी नंतर. वर्गातली शिरोडकर नुसती समोरून गेली तरी मुकुंदाच्या डोक्यात काय काय चालतं, ते सिनेमात कसं मावणार? आणीबाणी पण पुस्तकातच नीट कळली. नरूमामा मात्र जितेंद्र जोशीच, आता वाचताना त्याचाच आवाज येतो. कणीक भिजवून ठेवलीय, पोळ्या करून येते.

गोदाकाठ नांदेड
सिंहासन!! अरुण साधूंची 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक', दोन्ही मिळून जब्बार पटेलांचा १९७९ चा एक सिनेमा. दोन्ही वाचल्यात म्हणून सांगतो, इथं सिनेमा वरचढ. निळू फुल्यांचा पत्रकार दिगू शेवटी हसत सुटतो ते बघून आमचे आजोबा कितीतरी वेळ बोलले नव्हते. राजकारणाचं वेड त्यांना, नांदेडचं पाणीच तसं.

लातूरकर
पाण्याचं नाव काढू नका हो दादा 😄

तुळजाई
'जोगवा' कुणीच कसा नाही लिहिला? देवीला सोडलेल्या जोगते-जोगतिणींचा सिनेमा, राजन गवसांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांवरून केलेला. पुस्तकं सलग वाचवत नाहीत, आतून हलवतात. सिनेमा निदान शेवटी वाट दाखवतो, आणि मला ती हवी होती. आमच्या गल्लीत एक जोगतीण यायची, डोक्यावर परडी, कपाळभर भंडारा. आई सुपातून पीठ वाढायची. तिचं नाव कुणी विचारलं नाही, मी पण नाही. उपेंद्र लिमयेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा मला तीच आठवली.

रानजाई
तुळजाईताई, काटा आला अंगावर.

मोंढ्यावरचा
बालाघाटताई, अंबाजोगाईत कुठं? योगेश्वरीच्या देवळामागं आमचं आजोळ.

बालाघाटची लेक
अगं बाई, माहेर तिथंच की माझं! दादा, आजोळचं आडनाव मेसेजमधे कळवा.

कापूसवाला
सरकी विकायला आलोय, रांगेत वाचतोय सगळं. बनगरवाडीची पीडीएफ हाय का कुणाकडं?

रानजाई
भाऊ, पीडीएफ नका मागू. लहानसं पुस्तक आहे, विकत घ्या नाहीतर तालुक्याच्या वाचनालयात बघा.

कापूसवाला
बरं ताई. भाव चांगला लागला तर दोन घेतो, एक पोरीला.