पुशअप नीट जमायला लागले ते कशामुळे? (अनुभव धागा)

किती मारता हे सगळेच विचारतात, म्हणून इथे आकडे नकोत. छाती खाली जाते का, कंबर सरळ राहते का, खांदा-मनगट कुरकुरतं का, आणि त्यावर तुम्ही नेमकं काय केलंत, ते लिहा.

सुरुवात मी करते. मला सगळा फरक कोपरांनी पडला. कोपरं बाजूला फाकली की खांद्याच्या पुढच्या भागात टोचायचं. आता ती धडापासून साधारण ४५ अंशांत ठेवते, तळवे खांद्यांपेक्षा किंचित रुंद. टोचणं थांबलं.

*

मी भिंतीपासून सुरू केलं. मग टेबल, मग पलंगाची कड, मग जमीन. जमिनीवरच्या पुशअपमध्ये शरीराच्या वजनाचा जवळपास दोन तृतीयांश भार हातांवर येतो. गुडघे टेकले तरी निम्म्याच्या आसपास. हात जितके उंचावर, तितकं हलकं. गुडघे टेकण्यापेक्षा मला हे बरं वाटलं, कारण डोक्यापासून टाचेपर्यंत ताठ राहायची सवय पहिल्यापासून लागते. एका उंचीवर दहा-बारा स्वच्छ निघाले की खाली उतरायचं. घाई करणाऱ्यांचं नंतर काय होतं ते बघतोच आपण!

*

मोबाईल बाजूला उभा करून व्हिडिओ काढा. आरसा नको, त्यात बघायला मान वळवली की फॉर्म गेलाच.

*

मनगटं दुखणाऱ्यांसाठी: मी षटकोनी डंबेल धरून करते, मनगट सरळ राहतं. गोल डंबेल घेऊ नका, घरंगळतात. मुठींवर करूनही पाहिलं, पण बोटांच्या हाडांवरची कातडी सोलवटली. आणि दुखणं हटतच नसेल तर इथे विचारत बसू नका, फिजिओला दाखवा.

*

कंबर खचते त्यांनी पाठीवर लांब काठी ठेवून बघा. डोक्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्हीकडे ती टेकलेली राहिली पाहिजे. पोट आणि नितंब आवळले नाहीत तर वर येताना माकडहाड पहिल्यांदा काठी सोडतं. माझ्याकडे नियम सोपा आहे: काठी हलली, सेट संपला. आकडा निम्म्यावर आला, पण दंड आणि छाती पहिल्यांदा खरी भरून आली.

*

मला वर एकही जात नव्हता. मग नुसतं खाली यायचा सराव केला. मनात चार मोजत उतरायचं, छाती टेकवायची, गुडघ्यांच्या आधाराने पुन्हा वर. खाली येताना स्नायू जास्त भार पेलतात, त्यामुळे ताकद तिथूनच वाढली. श्वास उतरताना आत, ढकलताना बाहेर.

*

वरच्या बाईंनी छाती टेकवायची म्हटलंय. सरावापुरतं ठीक, पण सेटमध्ये टेकून विसावलात की ताण सुटतो. मी मूठभर अंतरावर थांबतो. आणि वर आल्यावर कोपरं सरळ झाली तरी जमीन अजून जराशी ढकलतो, खांद्याची पाती बाहेर सरकेपर्यंत. हे कोणी करतं का?