बाणांसाठी रिव्हर केन कसा ओळखायचा, कधी तोडायचा?

निषाद
नमस्कार मंडळी, मी अमेरिकेत नॉर्थ जॉर्जियात असतो, हिकरीच्या लाकडाचं धनुष्य करून झालंय, आता बाण रिव्हर केनचे, म्हणजे इथल्याच देशी बांबूचे करायचेत, इथले मूळ रहिवासी चेरोकी लोक करत आलेत तसे. ओढ्याकाठी एक दाट बेट दिसलंय पण ते नक्की रिव्हर केनच आहे का? आणि तोडायचा कधी, किती जाड?

बोरू
आधी फांद्या बघ. प्रत्येक गाठीला एक जाड एक बारीक अशा दोनच फांद्या आणि बुडाशी पेरं एकमेकांना चिकटून आखूड असतील तर तो गोल्डन बांबू, चीनमधून आणून बागांत लावलेला आणि मग रानात सुटलेला. रिव्हर केनच्या कोवळ्या कोंबाला शेंड्यावर पानांचा पंखा असतो, तो दिसला की खात्री धर. बाण तसे दोन्हीचे होतात आणि गोल्डन बांबू कितीही तोडलास तरी कुणाचं नुकसान नाही.

तोडायचा थंडीत. रस कमी असतो त्यामुळे कीड कमी लागते, शिवाय याच बेटांत रॅटलस्नेक हा विषारी साप असतो, केनच्या बेटाला केनब्रेक म्हणतात म्हणून तिकडे त्या सापालाही केनब्रेकच म्हणतात, तो थंडीत बाहेर नसतो. यंदाचा कोंब घेऊ नकोस, वाळला की सुरकुततो, दोन-तीन वर्षांचा घे, करंगळीएवढा म्हणजे ८-१० मिमी, आणि बाणापेक्षा वीतभर लांबच ठेव. जुडी घट्ट बांधून सावलीत काही आठवडे वाळव, मग निखाऱ्यावर एकेक गाठ शेकून सरळ कर, घाई केलीस तर गाठीत मोडतो.

पारध
बोरूचं बरोबर, फक्त खाचेबद्दल राहिलं. खाच गाठीच्या अगदी मागे पाड, म्हणजे दोरीच्या दणक्याने चीर गेली तरी गाठीपाशी थांबते, वरून तात (जनावराच्या शिरेचा दोरा) गुंडाळ. जाड बाजू पुढे, तिच्या पोकळीत कठीण लाकडाची काडी बसवून तिला टोक लाव.

केतकी
तोडण्याआधी जमीनमालकाला विचारा, ग्रेट स्मोकी माउंटन्ससारख्या नॅशनल पार्कात तर झाडाला हात लावायचाच नाही. शेती, गुरं आणि वणवे थांबल्यामुळे जुनी केनब्रेक्स जवळजवळ संपलीत, २ टक्क्यांहून कमी उरली असं मानतात. चेरोकी बायकांच्या टोपल्यांना आणि चेरोकींच्या फुंकनळ्यांना (फुंकून बाण मारायच्या नळ्या) जाड पक्के केन लागतात आणि चेरोकींना ते शोधायला लांब जावं लागतं, तर जाड असतील ते प्लीज तसेच सोडा, तुमचं काम बारक्यांत होतंय. कोयत्याने जमिनीलगत कापा, मुळं उपटू नका, फुलं वर्षानुवर्षं येत नाहीत त्यामुळे बेट वाढतं ते मुळांवरच.

निषाद
हो, दोनच फांद्या आहेत आणि पेरंही आखूड, म्हणजे गोल्डन बांबूच दिसतोय. मग पहिले बाण त्याचेच करतो, मालकाशी बोललो की जानेवारीत तोडेन.