थ्रूपुटला मराठीत काय म्हणावं?

गोदाकाठ:
नाशिकला वायरिंगची कामं करणाऱ्या मुलांसाठी वाय-फायची मराठी पुस्तिका लिहितोय. वायरलेसला ‘बिनतारी’ आहे, रुळलेला शब्द. घोडं अडलंय ‘थ्रूपुट’पाशी, म्हणजे दर सेकंदाला खरोखर पोचणाऱ्या डेटापाशी. ‘वेग’ लिहिलं की मुलं फोनवरचा आकडा बघतात, आणि तो आकडा वेगळीच गोष्ट सांगतो.

गेल्या महिन्यात गंगापूर रोडवरच्या एका अभ्यासिकेत फोन जोडणीचा वेग सेकंदाला १४४ मेगाबिट दाखवत होता आणि फाईल उतरत होती १२ने. तीन मजले, सहा ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणाऱ्या पेट्या), सगळे चॅनेल ६वर, म्हणजे एकाच रेडिओपट्ट्यावर, सगळे पूर्ण ताकदीने. बिनतारीचा नियम असा, की त्याच चॅनेलवर दुसरा बोलताना ऐकू आला की आपण थांबायचं. म्हणजे सहा जण मिळून काम एकाचंच! मी १, ६, ११ असे चॅनेल वाटून दिले, ताकद उतरवली. संध्याकाळी तोच फोन ५०च्या पुढे गेला. वरचा आकडा मात्र १४४च. मालकांना हा फरक एका शब्दात सांगता आला नाही, याची रुखरुख लागून राहिली आहे.

सटाणेकर:
‘वहनक्षमता’ तेवढं लिहू नका. पाटात किती पाणी मावतं ती क्षमता. शेवटच्या वाफ्यात किती आलं ते थ्रूपुट. आमच्या बागलाणात मोसम नदीकाठी फड पद्धतीत, म्हणजे सामाईक पाटाच्या पाणीवाटपात, पाटकरी पाळी लावून पाणी देतो. सगळ्यांनी एकदम बारं फोडलं तर शेवटचा फड कोरडाच. मी म्हणेन, ‘पदरचा वेग’.

बिनतारी:
‘पदरचा’ नको, पदरचे पैसे म्हणजे खिशातून घातलेले. अर्थ उलटा होईल. ‘पोच’ घ्या. वाय-फायमध्ये पाठवलेला डेटा मिळाल्याची पावती परत येते. ती आली नाही तर तोच डेटा पुन्हा पाठवावा लागतो. त्यात हवेतला वेळ जातो, पदरात काही पडत नाही. पोचलं तेवढंच मोजायचं.

‘पाळी’ शब्द सुंदर आहे, पण तो कोऑर्डिनेशनच्या, म्हणजे ॲक्सेस पॉइंटनी आपसात जुळवून घेण्याच्या, एकाच भागाला पुरतो. आता येऊ घातलेल्या ८०२.११बीएन मानकात, म्हणजे वाय-फाय ८मध्ये, शेजारचे ॲक्सेस पॉइंट आपसात ठरवून एकाच वेळीही बोलू शकतील, एकमेकांना त्रास होणार नाही इतकी ताकद कमी ठेवून. तिथे पाळी उरतच नाही. त्यासाठी ‘मेळ’. ‘समन्वय’ सरकारी पत्रात बरा, शिडीवर उभ्या मुलाला ‘मेळ बसला का?’ हे लगेच कळतं.

गोदाकाठ:
‘पोच’ आणि ‘मेळ’ दोन्ही घेतो. पावतीसाठी ‘पोचपावती’ आहेच, गोंधळ होणार नाही. ‘पाळी’ही ठेवतो, पण एकाच चॅनेलवरच्या वाटणीपुरती. पुस्तिकेतलं वाक्य आता असं झालंय: ‘फोनवर १४४ दिसतात, पोच १२ची आहे, आधी चॅनेलचा मेळ बघा, नवा ॲक्सेस पॉइंट नंतर.’